फुकटातलं शिलाई मशीन

फुकट हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. फुकटाचं कुणी कुणाला पाणीसुद्धा देत नाही.

आमचे हे शिंपी. पायाने मशीन चालवायचे, त्याच ठेक्यावर शीळ घालायचे आणि शिळेच्या तालात शिवण सरळ जायची. वीस वर्षं हेच. एक दिवस कंपनीचा माणूस आला, जुनं मशीन नेलं आणि विजेचं नवं ठेवून गेला. फुकट. यांनी कागद न वाचता सही ठोकली. अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच, असं मी तोंडावर सुनावलं.

दुसऱ्या दिवसापासून शीळ बंद. ओठांचा चंबू करायचे, नुसती हवा. आठ दिवसांत माणूस पार कोमेजला. झोप नाही, जेवणावर वासना नाही. माझ्या भावाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. "कशात मन लागत नाही गं," म्हणाले.

सुई ओवायचा चष्मा लावून मी तो कागद वाचला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सेवाशुल्क: ग्राहकाची शीळ.'

तशीच तणतणत कंपनीत गेले. कारकुनाने कपाटातून एक बरणी काढून माझ्या कानाला लावली. आत यांचीच शीळ, दुसऱ्या ओळीला बेसूर होणारी.

"लाज नाही वाटत, माणसाचा जीव बरणीत भरून ठेवायला?"

"न्या की परत, ताई. फक्त इथे सही करा."

"त्याचं शुल्क काय?"

"अर्जदाराचा राग. तक्रारी आल्या म्हणून आता मोठ्या अक्षरांत छापतो."

माझ्या रागावर अख्खं घर चालतं, हे मला ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढे त्या दोन डाव्या बाह्या आल्या. सही केली.

आता हे शीळ घालतात. छान वाटतं. शेजारीण आमच्या दोरीवर तिचे कपडे वाळत घालते. घालू दे.

काल हे मुद्दाम चिखलाच्या चपला घालून स्वयंपाकघरभर फिरले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी फरशी पुसली. हे तिथेच खाली बसले आणि रडले.

"मला भांडणारी तू हवीस," म्हणाले. "उद्या जातो आणि तुझा राग घेऊन येतो."

बदल्यात काय मागतील, हे यांनी विचारलंसुद्धा नाही. मी आरडाओरडा करून दारात आडवं पडायला हवं होतं, एवढं मला कळत होतं.

"बरं," मी म्हटलं. "छत्री घेऊन जा."