लंगोट चिकटवलेला तक्ता

मी एक जुना तक्ता आहे, आणि आज बोलल्यावाचून मला राहवत नाही. मित्रांनो, जाड कागदावर छापलेलं, मागून कापड लावलेलं मी पुरुषाचं शरीर आहे. आतलं सगळं दिसावं म्हणून छापणाऱ्याने मला कातडीच दिली नाही. त्यामुळे मी डोक्यापासून पायापर्यंत लालभडक आहे.

माझा जन्म परदेशातल्या छापखान्यात झाला. पुण्यात एका मास्तरांनी माझ्या अंगावर मराठी नावांच्या पट्ट्या चिकटवल्या. पोटाखालच्या पट्ट्या लावताना ते म्हणाले होते, हा भाग समजायला सोपा आणि सांगायला अवघड. सोपा तो खरंच आहे. कातडीच्या पिशवीत दोन वृषण असतात आणि तिथे बीज तयार होतं. शरीराच्या आतली ऊब बिजाला सोसत नाही, म्हणून ती पिशवी बाहेर असते. तिथून दोन बारीक नळ्या वर जातात, वाटेत मूत्राशयाजवळच्या ग्रंथींचा रस मिळतो, आणि लघवीच्या वाटेनेच ते बीज बाहेर येतं. झालं, एवढंच. यात लाजण्यासारखं काय आहे, हे मला अजून उमगलेलं नाही.

१९०८ साली मी बैलगाडीतून घोडेगावला आलो. तिथले व्यापारी धरमचंद शेटजी यांनी आईच्या नावाने धर्मार्थ दवाखाना काढला होता. डॉक्टर चांगदेवरावांनी मोठ्या हौसेने मला ओसरीच्या मधल्या खांबाला टांगलं. दुसऱ्या दिवशी शेटजी आले, त्यांची नजर माझ्या पोटाखाली गेली आणि ते गर्रकन वळले.

"डॉक्टर, इथं आयाबहिणी येतात! हे काय टांगून ठेवलंय?"

"शेटजी, लोकांना हेच तर शिकवायचं आहे."

"शिकवा की. पण झाकून शिकवा."

आता झाकून कसं शिकवायचं, हे शेटजींनाच ठाऊक. पण दवाखाना त्यांचा होता. डॉक्टरांनी शेंदरी कागदाचा लंगोट कापला आणि खळ लावून बरोब्बर तिथे चिकटवला. जे सांगायला मी सात समुद्र ओलांडून आलो होतो, तेवढंच नेमकं झाकलं गेलं.

पुढे जे झालं त्याला हसावं की रडावं? लालभडक अंग, पिळदार दंड, कमरेला शेंदरी लंगोट. आठवड्याभरात एका म्हाताऱ्याने माझ्यापुढे हात जोडले. पुढच्या शनिवारी रुईच्या पानांची माळ आली, मग तेल आलं, नारळ आला. लोकांनी मला मारुती करून टाकलं! डॉक्टर आधी पोट धरून हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की औषधाला घाबरणारी माणसं माझ्या पाया पडायच्या निमित्ताने दवाखान्याची पायरी चढू लागली आहेत. ते गप्प बसले. मित्रांनो, त्या गप्प बसण्याचा मला फार राग आहे.

वरच्या आळीची गोजरबाई आपल्या सुनेला घेऊन आली ती अशाच एका शनिवारी. सुनेचं नाव कुशाबाई. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण कूस उजवली नव्हती. तिचा नवरा सयाजी तालमीतला गडी, छाती दरवाजाएवढी. तेव्हा खोट कुणात, हे आळीने केव्हाच ठरवून टाकलं होतं. कुशाबाईला कुणी बारशाला बोलवत नसे, डोहाळजेवणाला तर नाहीच.

"एकवीस शनवार," गोजरबाईने तिला बजावलं. "घोडनदीत बुडी मारायची, वल्या लुगड्यानं यायचं, अकरा फेऱ्या घालायच्या. एक शनवार चुकला तर म्होरं माझ्या दारात उभी राहू नगंस."

पौषातली थंडी होती. कुशाबाई कुडकुडत माझ्याभोवती फिरायची आणि ओसरीवर तिच्या पावलांचं पाणी साठायचं. जे तिला हवं होतं ते उत्तर माझ्याजवळ होतं, तिच्या डोळ्यांपुढे, एका कागदाच्या आड. आणि मला तोंड नव्हतं.

बाराव्या शनिवारी तिला खोकल्याची उबळ आली आणि ती खाली बसली. डॉक्टर धावत आले. तिची छाती तपासली, आणि जे पहिल्या दिवशी विचारायचं ते आता कुठे विचारलं.

"गोजरबाई, सयाजीला मोठेपणी कसला मोठा आजार झाला होता का?"

"लगनाच्या आदल्या साली गालगुंडं झाली व्हती. गालाला कुंभाराची माती लावली. खालीबी लई सुजलं व्हतं, आठ दिस नुसता लोळत व्हता. पर ते कुनाला दावायचं, डाक्टर? घरची अब्रू हाय."

डॉक्टरांनी सयाजीला एकट्याला बोलावून तपासलं. मग ओल्या कापसाने माझा लंगोट सोलला. किती दिवसांनी मला मोकळं वाटलं!

"हे बघ, सयाजी. गालगुंडाची सूज तुझ्या वृषणांवर उतरली. दोन्ही आक्रसून बोराएवढे झालेत. अंगात रग आहे, संसार नीट चालतो, पण त्यात बीज नाही. रग वेगळी आणि बीज वेगळं. तुझा यात गुन्हा नाही. पण बायकोचाही नाही. तिचे हे हाल थांबव, नाहीतर ती मरेल."

सयाजी माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा रडेल आणि कुशाबाई सुटेल. त्याने फक्त अंगणाचं दार लावून घेतलं.

"चिकटवा त्यो कागद. आत्ताच्या आत्ता," तो म्हणाला. "आन् ह्यातलं कुठं बोललासा, तर तुमचा मारुती काय हाय त्ये मी समद्या गावाला सांगन."

चांगदेवरावांनी खळ कालवली आणि लंगोट पुन्हा चिकटवला.

कुशाबाईचे फेरे थांबले नाहीत. एकविसाव्या शनिवारी ती भिंत धरधरून आली. अंगात ताप होता, तरी लुगडं ओलंच होतं. पेठच्या साळूशी सयाजीचं दुसरं लग्न ठरल्याचं तिला त्याच सकाळी कळलं होतं. अकरा फेऱ्या घालून तिने माझ्या पायांवर डोकं टेकलं.

"देवा, प्वार नगं आता," ती म्हणाली. "माझं काय चुकलं, तेवढं सांग."

चार दिवसांनी ती गेली. नवस अर्ध्या मनाने केला म्हणून फळला नाही, असं गोजरबाई सगळ्यांना सांगत होती.

त्याला आता तीन वर्षं झाली. मित्रांनो, तुमच्यातल्या कुणाला खाली दुखलं, सुजलं, तर ते अब्रूच्या नावाखाली दडवू नका, वेळेवर डॉक्टरांना दाखवा. आणि मूल झालं नाही तर पुरुषाचीही तपासणी करा. पण एवढंच सांगायला मी आज बोलत नाही. आज शनिवार आहे. गोजरबाई पायरी चढते आहे, मागे साळू आहे, तिच्या लुगड्यातून पाणी निथळतं आहे. सयाजी बरोबर आला आहे. त्याने माझ्या नजरेला नजर न देता नारळ फोडला आणि बायकोला म्हणाला, "घाल फेऱ्या."

तिची पहिली फेरी सुरू झाली आहे. कुणीतरी या, आणि हा कागद सोला.