दोघांना सगळं माहीत होतं

तो सर्जन, ती भूलतज्ज्ञ. नवराबायको. एकाच ऑपरेशन थिएटरात दोघांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. त्याने नुसती मान कलती केली की ती टेबल खाली घ्यायला लावायची. तिने भुवई उचलली की त्याचा हात जागच्या जागी थांबायचा. "यांचा संसार मुक्यानंच चालत असणार," असं बाकीचे म्हणायचे. तिला या बोलण्याचा अभिमान वाटायचा.

म्हणूनच ऑपरेशनआधी मोठ्याने वाचायची ती यादी आली, तेव्हा दोघांनाही तो पोरखेळ वाटला. रुग्ण कोण, ऑपरेशन कुठलं, रक्त तयार आहे का, कुणाला काही शंका? सिस्टर वाचायची आणि तो म्हणायचा, "हो, हो, हो. खुणा करून टाका आणि चला."

त्या दिवशी टेबलावर एक शिंपीणबाई होत्या. गर्भाशयात मोठाल्या गाठी होत्या.

"सर, रक्त..." सिस्टरने सुरुवात केली.

"अहो सिस्टर, मॅडमना आणि मला सगळं माहीत आहे."

सिस्टरने तोंड मिटून खूण केली. मास्क जवळ येताच बाईंनी सगळ्यांकडे पाहिलं. "किती गप्प आहात हो तुम्ही! भांडणबिंडण झालंय का?"

सगळे हसले. बाईंचं ते शेवटचं बोलणं.

रक्त त्याने मागवलं असेल असं तिने धरलं होतं. तिने मागवलं असेल असं त्याने. मोठी रक्तवाहिनी सुटली आणि रक्त थांबेना, तेव्हा त्याने नेहमीसारखं वळून तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. दोघांच्या नजरेत एकच प्रश्न होता. रक्तपेढीतून पिशवी आली तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली, दोघं पुन्हा कामाला लागले. घरी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पण यादी वाचली जाऊ लागली की प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या त्या एवढ्याशा शांततेत तिला टेबलाच्या उशाकडून ऐकू यायचं, "भांडणबिंडण झालंय का?" इतकं जवळून, की ती दचकून खाली वाकायची. खाली भलताच कुणी रुग्ण पडलेला असायचा, ओठ मिटलेले. मग ती गरजेपेक्षा मोठ्याने उत्तर द्यायची.

एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "तुलाही ऐकू येतं का गं?"

काय, असं तिने विचारलं नाही. "तुला कधी येतं?"

"यादी वाचताना. जरा शांतता पडली की."

"मग काय करतोस?"

"पटकन उत्तर देतो. नाहीतर ती पुन्हा विचारते."

"मला बोलला नाहीस ते!"

"मला वाटलं, तुला कळलंच असेल."

तिचा घास हातातच राहिला. "मला काही कळत नाही," ती हळूच म्हणाली. "इथून पुढे तसंच धरून चाल. सांगत जा."

पुढच्याच आठवड्यात एका ट्रकड्रायव्हरच्या पोटातली गाठ काढायची होती. भूल द्यायच्या आधी सिस्टरने विचारलं, "रक्त?"

या वेळी तो 'हो' म्हणाला नाही. "मॅडम, आलंय का?"

"मागवलंय, आलेलं नाही. पिशवी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी भूल देणार नाही."

"आणि मी खूण करणार नाही," सिस्टर म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली.

"काही घोटाळा झालाय का?" ड्रायव्हरने विचारलं.

"नाही काका. रक्ताची वाट बघतोय. आलं की सुरू करू," मॅडमनी सांगितलं.

सर्जन हात छातीशी धरून उभा राहिला. कुणी बोलेना. मग दोघांनीही एकाच वेळी टेबलाच्या उशाकडे पाहिलं, आणि तिने न राहवून त्याच्या बाहीला हात लावला.

पिशवी आली, ऑपरेशन नीट पार पडलं. रक्त लागलंच नाही. सिस्टर ती न उघडलेली पिशवी परत घेऊन निघाली, तेव्हा दार मिटेपर्यंत दोघं तिच्या हातांकडे बघत राहिले.