बेचाळीस शुभेच्छुक

शुक्रवार पेठेतल्या शिक्षण मंडळाच्या कचेरीत चार वाजून वीस मिनिटांनी संघपालचा लॅपटॉप बोलायला लागला आणि उर्वीला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

"प्रतिमा. मंडळाचे अध्यक्ष, दूरदृष्टीचे, तरुणांचे आधारस्तंभ शिवपुत्रअण्णा, पांढऱ्या सफारीत, हसताना," लॅपटॉप म्हणाला. त्याला दमही लागत नव्हता.

संघपालला दिसत नसे. पडद्यावरचं सगळं हा प्रोग्रॅम त्याला वाचून दाखवायचा. मंडळात टेलिफोन ऑपरेटरची एक जागा निघाली होती, अंध उमेदवारासाठी राखीव. अर्ज फक्त वेबसाइटवर, तोही उमेदवारानं स्वतः भरायचा, मुदत आज पाचपर्यंत. अशा जागेची तो तीन वर्षं वाट बघत होता. घरून सहा वेळा प्रयत्न करून शेवटी तो रिक्षा करून इथंच आला होता.

"मॅडम, तुमची साइट लई छान बोलती," तो म्हणाला. "फक्त थांबत न्हाय."

साइट उर्वीनंच बनवली होती. अंधांना वापरता यावी म्हणून तिनं बजावलं होतं, की प्रत्येक फोटोचं शब्दांत वर्णन हवंच. ते काम मंडळाचे सचिव मुकुंदराव यांनी अंगावर घेतलं. अण्णांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स त्यांनी आधीच साइटच्या माथ्यावर चढवला होता: वर अण्णा, खाली बेचाळीस शुभेच्छुक. आता दोन दिवस रजा काढून त्यांनी बेचाळीस वर्णनं लिहिली. एकाचा गॉगल सुटला नाही. कुणाला कमी वाटू नये म्हणून प्रत्येक नाव मथळा केलं आणि प्रत्येकाखाली शुभेच्छा लिहायला एक चौकट दिली. त्यामुळे वेळ वाचवायला कळ दाबून मथळ्यांवरून उडी मारा की चौकटींवरून, उमेदवार पुढच्या शुभेच्छुकाच्याच अंगावर पडायचा.

सगळं ऐकायला अकरा मिनिटं लागत. पान सुरक्षेसाठी दहाव्या मिनिटाला आपोआप बंद होई.

पानाच्या अगदी वर उर्वीनं एक दुवा ठेवला होता, 'थेट अर्जाकडे जा'. मुकुंदरावांनी "अण्णांना ओलांडून?" एवढंच विचारलं होतं, आणि वाद नको म्हणून तिनं तो काढला होता. आता तो वाद घड्याळाकडे बघत घालावा लागणार होता.

"काका, तो दुवा परत टाकू या ना," ती समोर बसलेल्या मुकुंदरावांना म्हणाली. टेबलाखाली तिचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत होता.

"अगं, माणूस घरी आला तर यजमानाला नमस्कार करतो, का थेट स्वयंपाकघरात घुसतो?"

"भूक लागली आसंल तर घुसतो की," संघपाल म्हणाला.

"प्रतिमा. बाळूशेठ, बुलेटवर," लॅपटॉप म्हणाला.

मुकुंदराव खुर्ची पुढं ओढून ऐकू लागले. आपलंच लेखन मोठ्यानं ऐकायची त्यांची पहिलीच वेळ होती. "माझं कधी येतं?"

"तुमी कितवं?"

"एकोणचाळिसावा. निळा कोट, मंद स्मित."

"मग न्हाय येत. अडतिसाव्यावर पान बंद व्हतं."

मुकुंदरावांच्या चेहऱ्यावरचं स्मित मंदसुद्धा राहिलं नाही. "म्हणजे आजवर एकाही अंध माणसानं मला ऐकलेलं नाही?"

"एकानंबी न्हाय."

उर्वीनं संधी साधली. "काका, दुव्याचे शब्द बदलू. 'अण्णांना आणि सर्व शुभेच्छुकांना नमस्कार करून अर्जाकडे जा.' एक कळ दाबली की नमस्कार सगळ्यांना पोचतो. तुमच्यासकट."

मुकुंदरावांनी विचार केला. लॅपटॉप सत्ताविसाव्यावर गेला. घड्याळ चार अठ्ठावीसवर. मग त्यांनी पासवर्ड टाकला, एका बोटानं, दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकून. संघपालपासूनही. पासवर्ड तीनदा चुकला.

चार बेचाळीसला दुवा बसला. संघपालनं कळ दाबून बेचाळिसांना एकदम नमस्कार केला आणि त्याची बोटं अशी सुटली, की उर्वीची नजर मागं पडली. नाव, पत्ता, दाखला, अनुभव. चार त्रेपन्न.

"अर्ज मिळाला," लॅपटॉप म्हणाला. "अर्ज क्रमांक एक."

"पहिला नंबर!" मुकुंदरावांनी टाळी वाजवली.

संघपाल हसला नाही. "वीस दिवसांत एकच? म्हंजे बाकीचे अजून आतच हायत की."

त्यानं खिशातून फोन काढला आणि नुसताच हातात धरून बसला. अर्धा मिनिट अंगठा हलेना. मग त्यानं मंद्रूप गावातल्या मित्राला लावला; तोही अंध, आणि याच जागेच्या मागं.

"भीमा, भरलास अर्ज?"

"सकाळपासनं बसलोय! एकतिसावा चाललाय. मदी कशाला फोन केलास रं, मोजणी चुकली की माजी!"

"पान परत उघड. पैला दुवा दाब."

"चार पंचावन्न," उर्वी पुटपुटली. भीमा एकटा नसणार. मुकुंदरावांचं लॉगिन अजून उघडंच होतं. तिनं मुदतीच्या चौकटीत आठ दिवसांनंतरची तारीख टाकली आणि पान जतन केलं.

"मुदत वाढवायला अण्णांची सही लागते!" मुकुंदराव ताडकन उठले.

"चला, घेऊन येऊ. मी सांगते त्यांना, चूक माझी होती म्हणून."

सही मिळेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. जिना उतरताना संघपालची काठी प्रत्येक पायरीवर जरा जास्तच जोरात आपटत होती.

"काय झालं?" उर्वीनं विचारलं.

"काय न्हाय, मॅडम. भीमाचं टायपिंग माझ्यापरीस लई फास्ट हाय."