धुरपताबाईचा ढावलो
ढावलो म्हणजे लग्न झालेल्या बंजारा पोरीनं तांडा सोडताना एकेकाच्या गळ्यात पडून गायचं रडणं. मंगरूळपीरच्या बाजूला पोरींना तो शिकवावा धुरपताबाईनंच. पण स्वतःच्या लग्नातला ढावलो तिनं कुणालाही दिला नव्हता. तिची आई, तिची याडी, त्याच साली गेली. शेवटचं तोंडही दिसलं नाही. आईचं म्हणून तिच्याजवळ तेवढंच उरलं होतं.

नेमका तोच नवऱ्यानं मागितला. आगगाडी आली, बैलांवरून धान्य-मीठ वाहायचा धंदा बुडाला, तरी तिच्या नवऱ्याची, हेमलाची, ऐट काही बुडाली नव्हती. गोड बोलण्यात तर त्याचा हात कोण धरणार!

"मेडशीकडं सोमलाच्या पोरीचं लगीन हाये. जाय, शिकव तिले. आन् तुहा सोताचाच शिकव, धुरपते. मले लय आवडते तो."

इतक्या वर्षांनी नवऱ्याला आपलं गाणं आठवतं, म्हणून बाई हरखली. तुम्ही म्हणाल, नवरदेव कोण ते विचारू नये का? विचारलंही. पण होणाऱ्या नवऱ्याचं नाव पोरगी ओठावर आणत नाही, आणि सोमलानं "इकडचाच हाये एक" म्हणून विषय उडवला. वर धुरपताचे भारी लाड केले. त्या लाडांवरूनच तिनं ओळखायला हवं होतं.

पोरगी, सोनी, गुणी होती. "काकी, हे गाताना मले खरंच रडू येते," म्हणायची.

"येऊ दे. माह्या याडीसाठी रडून राह्यली तू," धुरपता म्हणायची आणि तिच्या केसांवरून हात फिरवायची.

लग्नाच्या दिवशी वरात आली. नवरदेव बघायला धुरपता हौसेनं पुढं झाली. डोक्याला नवं पागोटं बांधून हेमला उभा होता. मागं तिच्याच तांड्यातल्या बाया, नटूनथटून. सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनंही निरोप धाडला नाही. मला त्या बायांचा अजून राग येतो.

"काहून?" तिनं विचारलं. "घरात पोर नाई म्हून?"

"हौ," हेमला खाली बघत म्हणाला. "पन तुले कोनी काढून नाई राह्यलं. दोघी राहा."

"ते समजलं मले. मंग माह्यं गानं काहून नेलं?"

गोडबोल्यानं पागोटं सारखं केलं आणि तो वरातीकडं वळला.

निघायची वेळ झाली. सोनी आईच्या गळ्यात पडली, मावशीच्या पडली. मग रीतीप्रमाणं शिकवणारीच्या. पोरीला बिचारीला काय सांगितलं होतं, देव जाणे. ती मन लावून गात होती:

"याडी, तू अंगनातच थांब,
तिथं माह्यं रडनं कोन ओळखीन?"

धुरपतानं तिला लोटलं नाही. तिचे डोळेही पुसले नाहीत. तिच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "मी ओळखीन, सोने. माह्यंच हाये ते."