पहिल्या मेचा विस्तव

"ज्यूडी, थोडा विस्तव दे," विनी दारात उभी राहून म्हणाली, आणि माझ्या हातातला घुसळणीचा दांडा जागच्या जागी थांबला.

कुणाच्या घरी लोणी घुसळत असलं तर आत येणाऱ्याने आधी 'देव भलं करो' म्हणायचं, दांड्याला हात लावून दोन-चार वेळा वरखाली करायचा, मग काय ते बोलायचं. आम्हा आयरिश लोकांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विनी उंबऱ्याबाहेरच राहिली. देवाचं नाव नाही, दांड्याला हात नाही. लोखंडी पातेली पुढे केली आणि विस्तव मागितला. तोही पहिल्या मेच्या सकाळी.

एरवी वर्षभर कधीही विस्तव मागा, कुणी नाही म्हणत नाही. पण पहिल्या मेला सकाळी घरातून विस्तव बाहेर गेला की त्याच्यामागोमाग घरातल्या दुधालोण्याची बरकत जाते. म्हणून त्या दिवशी भलं माणूस मागायला जात नाही, आणि जे जातं त्याच्या मनात काय आहे ते विचारावं लागत नाही. गावाकडे माझ्या आईने अशाच एका बाईला हातात चुलीचा चिमटा घेऊन वेशीपर्यंत पिटाळलं होतं.

ज्यूडी उठली, चुलीजवळचं फावडं तिने उचललं. मला वाटलं, घालते आता हिच्या टाळक्यात. पण ती वाकली, चांगले टपोरे लाल निखारे निवडून तिने विनीच्या पातेलीत घातले आणि वर राख पसरली. "जपून ने, वारं सुटलंय," म्हणाली.

विनी भांडणाची सगळी तयारी करून आली होती. ती पातेली सांभाळत पाठ फिरवून निघून गेली. तुला वेड लागलंय का, असं मी ज्यूडीला विचारलं. "तू घुसळ गं मॅग," ती म्हणाली. "लोणी यायला लागलंय."

विनीचं जळणं मला नवं नव्हतं. आम्ही तिघी एकाच जहाजातून इकडे ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सला आलो, म्हणजे चोरीची शिक्षा म्हणून आणल्या गेलो. मी वाळत घातलेलं कापड उचललं होतं. त्या दोघींनी मिळून एक मेंढी चोरली होती, विनीने पाय धरले आणि ज्यूडीने दोर. न्यायाधीशाने दोघींना शिक्षाही सारखीच वाटून दिली. जहाजात दोघी एका घोंगडीत झोपायच्या आणि मी शेजारी एकटी कुडकुडायची. तेव्हा मलाच त्यांचा हेवा वाटायचा.

इथे उतरल्यावर आम्हाला बायकांच्या कारखान्यात ठेवलं. नाव कारखाना, पण होता तुरुंगच. लोकर पिंजायची, कपडे धुवायचे आणि वाट बघायची. ज्या पुरुषाला बायको हवी असेल त्याने वरून परवाना आणायचा, मग तिथली मुख्य बाई, मेट्रन, आम्हाला अंगणात रांगेत उभी करायची. तो गडी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा आणि एकीवर बोट ठेवायचा. बाजारात बैलाचे निदान दात तरी बघतात. तरी आम्ही त्या दिवशी टोप्या धुऊन घालायचो आणि गाल चिमटून लाल करायचो, कारण तिथून बाहेर पडायचा सरळ रस्ता तेवढा एकच होता.

रांगेत विनी उभी राहिली की बाकीच्यांनी घरी जावं. कमरेपर्यंत तांबडे केस, आणि मान अशी की जणू मेंढ्यांचा कळपच तिच्या मालकीचा होता. पण थेडी, ज्यूडीचा आताचा नवरा, बायको निवडायला आला त्या दिवशी ती रांगेत नव्हती. आदल्या आठवड्यात तिच्या टोपीत तंबाखू सापडली होती. तंबाखू ज्यूडीची, हे मला माहीत होतं आणि विनीला तर होतंच. तिने नाव सांगितलं नाही. मेट्रनने तिचं डोकं भादरलं आणि तिला मागच्या अंगणात कपडे धुवायला घातलं. थेडीने ज्यूडीवर बोट ठेवलं. पिठाच्या पोत्यांवर बसून ज्यूडी गाडीतून गेली, आणि भिंतीपलीकडून विनीने ती गाडी गेलेली ऐकली.

विनीचे केस कानापर्यंत आले तेव्हा बार्ट आला. हा इंग्लिश लाकूडकापू. त्याने तिचे खांदे बघितले, कारण त्याला करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस हवं होतं. आणि नशीब असं की त्याला नदीकाठी जमीन मिळाली ती थेडीच्या कुंपणाला लागून. मग रोज सकाळी उठून ज्यूडीच्या धुराड्यातून निघणारा धूर बघायचा, हेच विनीच्या वाट्याला आलं.

काय काय बघायची ती! कुंपणावर वाळत घातलेल्या लहान लहान कुडत्या. दुकानदार मोठ्या घरांसाठी राखून ठेवायचा ते ज्यूडीचं पिवळंधमक लोणी. आणि सगळ्यात जास्त झोंबायचं ते हे, की कपडे धुवायच्या दिवशी थेडी स्वतः नदीवरून पाणी आणून द्यायचा. बार्टने आयुष्यात एक बादली उचलली नाही. विनीला एक मुलगी झाली आणि आठवड्याच्या आत गेली. तिला पुरताना ज्यूडी आली ती आपलं तान्हं कडेवर घेऊन. त्या दिवसापासून दोघींमध्ये विस्तव जाईना. तान्ह्या पोराला ती ठेवणार तरी कुणाजवळ, असं मी विनीला किती वेळा समजावलं. तिला ते पटायचं आणि तरी ती जळायची. "रांगेत मी असते ना मॅग," एवढंच म्हणायची. पुढचं वाक्य मला पाठ होतं.

तर असा तो विस्तव गेला, आणि पंधरवड्यात ज्यूडीचं लोणी आटलं. आधी गोळा लहान झाला, मग दुधाला सायच धरेना. विनीची गाय मात्र उशिरा व्यालेली, ती भांडं भरभरून दूध द्यायला लागली. विनी लोणी कोबीच्या पानावर ठेवून दुकानात न्यायची, आणि जवळची वाट सोडून ज्यूडीच्या दारावरून जायची. माझ्याकडेही घेऊन आली.

"चाखून बघ. तिच्यासारखं लागतं की नाही?"

लागत होतं. मी तसं सांगितलं.

"लागणारच," विनी म्हणाली. तोंडावर जिंकल्याचं हसू होतं, पण ते टिकलं नाही. लगेच विचारलं, "ती काही म्हणाली का गं माझ्याबद्दल?"

ज्यूडी काहीच म्हणाली नव्हती. ज्यूडीची थोरली, एली, एकदा म्हणाली की आई, मेमध्ये सगळ्यांच्याच गाई आटतात, थंडी नाही का सुरू होत. पोरगी इथे जन्मलेली. आमच्या गावाकडे मे म्हणजे हिरवंगार गवत आणि दुधाचा पूर. इथे सगळं उलटं. इतकी वर्षं इथे काढूनही आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. ज्यूडीने तिला गप्प केलं. मीही ते विनीला सांगितलं नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा ज्यूडीचं काही मिळवलं होतं, ते मी कशाला काढून घेऊ?

पण मिळवलेलं तिला पचेना. ज्यूडी भांडायला येईल, शिव्या घालेल, निदान पाद्र्याकडे तक्रार करेल, याची ती वाट बघत होती. शेवटी भर थंडीत आम्ही तिघी एकाच वेळी नदीवर धुणं घेऊन गेलो, तेव्हा तिला राहवलं नाही.

"का दिलास?"

ज्यूडी चादर पिळत होती. "तू मागितलास."

"दिवस कुठला होता ते ठाऊक होतं तुला."

"होतं की."

"मग?"

ज्यूडीने चादर टोपलीत ठेवली. हात लालबुंद झाले होते, ते झग्याला पुसले. मग ती विनीकडे न बघता बोलली. "थेडी त्या दिवशी तुझ्यासाठी आला होता. तुमच्याच गावाजवळचा तो. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, कॉफ्लनची विनी इथे आहे म्हणून. मेट्रन कागद आणायला आत गेली होती. त्याने मलाच विचारलं, यातली विनी कोणती? मी म्हटलं, विनीला मागेच एकजण घेऊन गेला."

मी नदीत उभी होते, पाणी बर्फासारखं, तरी मला पाय काढायचं सुचलं नाही. विनीच्या हातातून बार्टचा सदरा सुटला आणि वाहत निघाला. तो धरायला मीच धावले, कारण त्या दोघी काही हलणार नव्हत्या. सदरा घेऊन परत आले तेव्हा विनी विचारत होती, "त्याला माहीत आहे?"

"तू इथे राहायला आलीस त्या दिवशी कळलं. रात्री तो जेवला नाही." ज्यूडीने पुढची चादर उचलली. "सकाळी जेवला."

पलीकडे चढावर थेडी बटाटे खणत होता. टक्कल पडलेला, पाठीत वाकलेला, मधूनच खोकत होता. विनी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. नुसतंच बघितलं तिने. एखाद्या जुन्या कुडतीकडे बघावं, आता आपल्या मापाची राहिली नाही म्हणून, तसं.

"म्हणजे मी उगाच जळत नव्हते," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. उलट खूप दिवसांनी कुणीतरी तिचं खरं मानलं असावं, असा तो आवाज होता. तिने माझ्याकडून सदरा घेतला, टोपली उचलली आणि गेली.

निदान माफी तरी मागायचीस, असं मी ज्यूडीला म्हटलं. "माफी घेऊन ती काय करणार?" ज्यूडी म्हणाली. "विस्तव मागितला, दिला. आणखी काय हवं ते तिने सांगावं."

पुढच्या पहिल्या मेला विनी पुन्हा दारात. तीच पातेली, तेच वाक्य. ज्यूडीने फावडं उचललं. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मधल्या दिवसांत दोघी एकमेकींना ओळख देत नसत. बारशाला नाही, सणाला नाही. पण त्या एका सकाळी विनी यायची आणि सावकाराने हक्काची वसुली करावी तसा आपला विस्तव घेऊन जायची. काही वर्षांनी ती उंबऱ्याच्या आत आली. मग एकदा स्टुलावर बसली. मग एकदा येताना 'देव भलं करो' म्हणाली आणि घुसळणीच्या दांड्याला हात लावला. ज्यूडीने मान खाली घातली आणि निखारे निवडायला जरा जास्तच वेळ घेतला.

समेट वगैरे झाला असं कुणी समजू नये. विनी शेवटपर्यंत जळत होती. निखारे घेता घेता घरभर नजर फिरवायची. पडदे नवे वाटतं, एली बापावर गेली हे बरं झालं, असं काहीबाही बोलायची. ज्यूडी ऐकून घ्यायची. पण एप्रिल संपत आला की ज्यूडी चांगली सुकलेली लाकडं बाजूला काढून ठेवायची, कोळसा टपोरा पडावा म्हणून. मी त्या दिवशी मुद्दाम तिथे जाऊन बसायची. माझंही घर त्याच नदीवर, माझीही चूल होती, पण पहिल्या मेला माझ्या दारात कधी कुणी आलं नाही. मला त्याचं वाईट वाटायचं. आता लपवून काय करायचंय.

विनी उन्हाळ्यात गेली. करवतीचं टोक धरलेलं असतानाच छातीत कळ आली. बार्टला करवत ओढता येईना तेव्हा त्याला कळलं. रात्री प्रेताजवळच्या जागरणाला ज्यूडी सगळ्यांच्या आधी आली. विनीचे केस पांढरे झाले होते, पण पुन्हा कमरेपर्यंत वाढलेले. ते ज्यूडीने विंचरले. दुसऱ्या कुणाला फणी दिली नाही. आम्ही बायका मेलेल्यासाठीची शोकगाणी म्हणत होतो, आमच्या रिवाजाप्रमाणे लोक पीत होते, आणि ती एकेक बट सोडवत बसली होती.

मग पहिला मे आला. मी नेहमीप्रमाणे सकाळी गेले. ज्यूडी चुलीसमोर बसली होती. निखारे निवडून तिने फावड्यावर काढून ठेवले होते, लालबुंद, टपोरे. एलीने किटली आणली तर तिला हाताने मागे सारलं. थेडी गाईचं बघून आत आला. त्याने फावड्याकडे बघितलं, ज्यूडीकडे बघितलं, आणि चहा न घेता पुन्हा बाहेर गेला. कुंपणापलीकडे बार्टच्या धुराड्यातून धूर निघत होता. दार उघडंच होतं, वारं आत येत होतं.

निखाऱ्यांवर हळूहळू राख धरली. आतला लाल रंग बारीक होत गेला आणि मग दिसेनासा झाला. ज्यूडीने फावडं उचललं आणि सगळं पुन्हा चुलीत ओतलं.

"ठेव गं आता किटली," ती एलीला म्हणाली.

माझ्या हातात तंबाखू भरलेली चिलीम होती. पेटवायची तर ज्यूडीकडे विस्तव मागावा लागला असता, म्हणून ती मी न पेटवताच खिशात ठेवली.