तिसरी ओळ

बाबांच्या गाण्यांत शिरायला मला कधी जागाच मिळाली नाही. ती सगळी ताईने अडवून ठेवली होती.

ताई अकरा वर्षांपूर्वी लग्न करून समुद्रापार गेली. दोन-चार महिन्यांनी फोन करते आणि उंटावरून शेळ्या हाकते: बाबांना फिरायला ने, मीठ कमी घाल. बाबांचे डोळे सहा वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ते गाणी तोंडी सांगतात आणि मी लिहून घेते. संगीतकार चाल पाठवतो, बाबा खुर्चीच्या हातावर बोटांनी मात्रा मोजतात, आणि गाणं प्रेमाचं असो की जाहिरातीचं, त्यात ताई येतेच. एका साबणाच्या गाण्यातसुद्धा तिची वेणी आली होती. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते उगाच नाही. माझ्या पोटात दुखायचं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

परवा त्यांनी सांगितलं,

वेणी अर्धीच सोडून पळणारी,
पायऱ्या दोन-दोन उतरणारी...

"तिसरी अडली," म्हणाले. "उद्या बघू."

त्या कोऱ्या जागेकडे बघून माझी बुद्धी फिरली. मी तिथे लिहिलं: दारात थांबून आधी खोकणारी. म्हणजे मी. डोळे गेले त्या दिवसांत मी एकदा न बोलता खोलीत गेले, तेव्हा दचकून बाबांच्या अंगावर गरम चहा सांडला होता. तेव्हापासून मी दारात थांबते, खोकते, मग आत जाते.

दुसऱ्या दिवशी मी तिन्ही ओळी वाचून दाखवल्या.

"ही तिसरी मी सांगितली?"

"मग काय, मी?" मी बेधडक म्हणाले.

त्यांनी बोटांनी मात्रा मोजल्या. चेहरा असा उजळला की मला वाटलं, ओळखलं मला.

"अगदी अशीच यायची गं ताई," बाबा म्हणाले. "दारात थांबायची, खोकायची. मी विसरूनच गेलो होतो बघ."

माझं डोकं सणकलं. वेणी तिची, पायऱ्या तिच्या, आता माझा खोकलाही तिचाच!

"बाबा, ताई होती तेव्हा तुम्हाला चांगलं दिसत होतं. ती कशाला खोकेल? ती तर दार आपटत यायची."

त्यांची बोटं थांबली. मग म्हणाले, "मग खोकतं कोण?"

"मी. तुम्ही दचकू नये म्हणून."

"तू होय!" ते मनापासून हसले. "मला वाटायचं, तुझी सर्दी काही हटत नाही. ताईलासुद्धा सांगितलं मी फोनवर."

मलाही हसू फुटलं. आता म्हणतील, राहू दे ती ओळ. खरंच वाटलं मला तसं.

"मग ती खोड," बाबा म्हणाले. "ताईच्या गाण्यात खोटं नको."

"आणि माझं गाणं?"

"तुझं कशाला? तू आहेसच की इथे."

मी ओळ खोडली. अक्षर माझंच, रेघही माझीच. ताईचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तिने तर काहीच केलं नव्हतं. ती नुसती इथे नव्हती.

"थांब," बाबांची बोटं पुन्हा खुर्चीवर वाजू लागली. "आत्ता काय म्हणालीस तू? हां, लिही. धाडकन दार आपटत येणारी."

मात्रा चोख बसत होत्या. मी लिहून घेतलं.