धुरपताबाईचा ताप

धुरपताबाई पटले दवाखान्याच्या वॉर्डात आली तेव्हा इतकी आटली होती की लुगड्याला दोन वेढे जास्तीचे द्यावे लागत होते. सडक अर्जुनीजवळच्या खेड्यातली ही पन्नाशीची बाई. साखरेचा आजार अंगावर घेऊनही दर साली भाताच्या रोवण्याला, रोपं लावायला, सगळ्या बायकांच्या पुढे असायची. पोळ्याच्या सुमारास ताप धरला तो सुटलाच नाही. गावाकडच्या डॉक्टरने छातीचा फोटो पाहून क्षयाच्या गोळ्या दिल्या. तिने त्या इमानाने खाल्ल्या, पण ताप जागचा हलला नाही आणि वरून उजवा गुडघा नारळाएवढा सुजला. तेव्हा मुलाने, चंद्रकुमारने, तिला गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात आणून टाकलं.

तिची खाट डॉक्टर समीक्षा मेश्रामच्या वाट्याला आली. समीक्षा मेडिसिनला दुसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर होती. माणूस शांत, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की उठता उठत नसे. सोनोग्राफीत धुरपताबाईच्या प्लीहेत बारीक बारीक गळवं दिसली. रक्तातून जंतू वाढतो का ते पाहायला नमुना प्रयोगशाळेत गेला होता, त्याचा रिपोर्ट आला: मातीपाण्यातला किरकोळ जंतू, नमुना दूषित.

असे रिपोर्ट आठवड्याला येतात आणि फायलीत जातात. समीक्षा मात्र तिथेच अडकली. भाताच्या बांधीत राबणारी बाई, साखर वाढलेली, प्लीहेत पू, आणि रक्तात मातीतला जंतू. मेलिऑयडोसिस नावाच्या रोगाबद्दल तिने वाचलं होतं. त्याचा जंतू चिखलात राहतो, पायाच्या भेगेतून आत शिरतो आणि हुबेहूब क्षयाचं सोंग घेतो. ती तडक प्रयोगशाळेत गेली. तिथली डॉक्टर मोनाली तिच्याच बॅचची. पण ज्या काचेच्या ताटलीत तो जंतू वाढला होता, ती टाकून दिली गेली होती. मोनालीने सबबी सांगितल्या नाहीत. गुडघ्यातला पू आणून दे, या वेळी ताटली मी स्वतः सांभाळते, एवढं म्हणाली.

राउंडला विभागप्रमुख डॉक्टर लीलाधर कटरे यांच्यापुढे समीक्षाने विषय काढला. सर कडक होते, पण ऐकून घेणारे. या भागात इतकी वर्षं काढली, असा एकही रोगी पाहिला नाही, असं ते म्हणाले.

"सर, कुणी शोधला होता का?" समीक्षा बोलून गेली आणि तिचे कान तापले.

सर पुढच्या खाटेकडे वळले. वॉर्डातून निघताना मात्र दारातच थांबून त्यांनी सांगितलं की पू काढा, पण खात्री होईपर्यंत क्षयाच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत.

आता अडचण उभी राहिली ती चंद्रकुमारची. तो हायवेवर ट्रक चालवायचा. कुणीतरी त्याला छत्तीसगडातल्या एका जडीबुटीवाल्याचं नाव सांगितलं होतं आणि तो खाली ऑटो उभा करूनच वर आला होता. "छुट्टी देऊन द्या, मॅडम," एवढंच त्याचं म्हणणं. समीक्षाने जंतू, पू, तपासणी सगळं समजावलं. त्याला त्यात फक्त आणखी एक सुई दिसली. सिस्टरही म्हणाली की नातेवाइकांची इच्छा असेल तर आपण कोण अडवणार. सगळं बोलणं खाटेच्या वरून चाललं होतं आणि खाटेवरच्या बाईला कुणी काही विचारत नव्हतं. ते लक्षात आलं तेव्हा समीक्षा खाटेच्या कडेला बसली.

"मावशी, तुम्हाले काय वाटते?"

धुरपताबाईने तिच्याकडे पाहिलं. "खरं सांगजो. मी मरून राहिली का?"

"रोग सापडला नाही तर, हो."

"अन् सापडला तर?"

"औषध आहे त्याचं. वेळ लागते, पण आहे."

"मंग शोध," धुरपताबाई म्हणाली. मग मुलाकडे वळली. "तू कायले घाई करून राहिला? ऑटो वापस पाठव."

पू काढताना तिने खाटेची दांडी घट्ट धरली, तोंडातून आवाज काढला नाही. दुसऱ्या दिवशी ताटलीवर नाव घेण्यासारखं काही नव्हतं. आणखी दोन दिवसांनी मोनालीचा फोन आला, खाली ये म्हणून. झाकणबंद ताटलीत सुरकुतलेले, कोरडे ठिपके वाढले होते. पुस्तकातल्या चित्रात असतात तसेच. पक्क्या खात्रीसाठी नमुना दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या प्रयोगशाळेत गेला. उत्तर यायला वेळ लागणार होता. तोवर वाट पाहायची नाही, हे समीक्षाने सरांना पटवलं आणि नवीन इंजेक्शन सुरू केलं.

ताप उतरला नाही.

आठवडा व्हायला आला तरी तापाचा पारा रोज संध्याकाळी तिथेच. चंद्रकुमार बोलेनासा झाला. राउंडला इतर निवासी डॉक्टर खाटेपाशी आले की नजर खाली घालत. या रोगात ताप सावकाश उतरतो, औषध बदलायची घाई करू नये, हे समीक्षाने पुन्हा पुन्हा वाचलं होतं. पण वाचणं वेगळं आणि कण्हणाऱ्या बाईच्या कपाळावर हात ठेवून "थांबा" म्हणणं वेगळं. सरांनी विचारलं, बदलायचं का औषध? "नाही सर," ती म्हणाली, "हेच चालू ठेवू." सरांनी मान हलवली. त्या दिवसापासून तेही रोज दोनदा त्या खाटेशी येऊ लागले.

मग एका सकाळी धुरपताबाईने सिस्टरकडे भात मागितला. संध्याकाळी ताप आला, पण अर्ध्यावरच थांबला. दोन दिवसांनी आलाच नाही. पाठोपाठ बाहेरचं उत्तरही आलं. मेलिऑयडोसिसच. सरांनी क्षयाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने बंद केल्या.

महिनाभर इंजेक्शन घेऊन घरी जाताना धुरपताबाईने विचारलं, हे आलं कुठून? मातीतून, असं समीक्षाने सांगितलं.

"मंग माती सोडू का?"

समीक्षाची आईही रोवण्याला जायची. गमबूट घाला म्हणणं सोपं, पण बांधीतला चिखल ते कसे ओढून घेतो, हे तिने पाहिलं होतं. तरी पायाला जखम असताना चिखलात उतरू नका, साखर ताब्यात ठेवा, तीन महिन्यांच्या गोळ्या बुडवू नका, असं तिने ठासून सांगितलं. एवढ्यावर भागणार नाही हे तिला कळत होतं. क्षयाच्या औषधांनी बरे न होणारे असे आणखी किती असतील? अशा रोग्यांना तपासण्यासाठी तिने संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला. कॉलेजच्या संशोधन समितीने तो एकदा परत पाठवला, तिने सुधारून पुन्हा दिला. दुसऱ्या खेपेला खाली मार्गदर्शक म्हणून डॉक्टर कटरेंची सही होती.

गोळ्या संपल्यावर धुरपताबाई तपासणीला आली ती एकटी नव्हती. खोकून खोकून वाकलेल्या एका माणसाला तिने दंडाला धरून आणलं होतं. हा मंगरू, तिच्याच गावचा. यालाही क्षयाच्या गोळ्या लागू पडेनात.

"याचं बी पाह्य," ती म्हणाली. "येत नव्हता. म्या आणला."

मंगरूचा रोग क्षयच निघाला, पण नेहमीच्या औषधांना न जुमानणारा. ते कळल्यामुळे त्याला योग्य औषध मिळालं. समीक्षाच्या प्रकल्पातला तो पहिला रोगी, आणि ती शोधत होती तो रोग त्याला नव्हता. ती थोडी हिरमुसली, मग स्वतःचाच राग आला तिला.

पावसाळा सरता सरता मेलिऑयडोसिसचे दोन रोगी सापडले, एक दरेकशाकडचा आणि एक गोंदियाला लागून असलेल्या खेड्यातला. दोघांच्याही ताटल्या मोनालीने जपून ठेवल्या. धुरपताबाई त्या साली रोवण्याला गेली नाही. बांधीच्या कडेला, धुऱ्यावर उभी राहून बांधीत उतरणाऱ्या बायकांचे पाय पाहत होती, आणि ज्यांना भेगा, जखमा होत्या त्यांना शिव्या घालून वर काढत होती.